निवासी रस्त्यावरील पादचारी सिग्नल : गरज कोणाची मोजायची?

विकासाच्या चर्चेत रस्त्याचा विषय निघाला की किलोमीटर, पदर, उड्डाणपूल आणि कोट्यवधींची गुंतवणूक यांचेच उल्लेख होतात. रस्ता लांबीच्या दिशेने किती वेगाने कापता येतो, हे त्याच्या उपयुक्ततेचे माप मानले जाते. तोच रस्ता रुंदीच्या दिशेने ओलांडता येतो की नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक दाट वस्तीतील रहिवाशांच्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा असतो. शाळा, दूध केंद्र, रेशन दुकान, बसथांबा यांपैकी निदान एक तरी गोष्ट रस्त्याच्या पलीकडे असतेच.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. हे प्रमाण सुमारे १९.५ टक्के असून दिवसाची सरासरी ९० इतकी येते. हे सर्व मृत्यू रस्ता ओलांडतानाच झाले असे नाही; पदपथाअभावी रस्त्याच्या कडेने चालणारेही त्यांत आहेत. तथापि ज्याच्याजवळ ना शिरस्त्राण, ना आसनपट्टा, ना पोलादी कवच, अशा नागरिकाचा वाटा मृतांमध्ये एक-पंचमांशाच्या घरात आहे, ही वस्तुस्थिती नियोजनकर्त्यांनी नजरेआड करण्यासारखी नाही.

प्रस्तुत लेखात निवासी भागातील वर्दळीच्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी सिग्नल बसवण्याचा निर्णय कसा घेतला जातो, त्यामागील निकष कोणते, त्यात अर्थशास्त्रीय दृष्टीने काय उणे आहे आणि कायद्याने कोणाची जबाबदारी ठरते, याचा विचार केला आहे. विषय वरकरणी अभियांत्रिकीचा वाटला तरी सार्वजनिक वस्तू, बाह्य परिणाम, मागणीचे मापन आणि संघराज्यातील अधिकारविभागणी या परीक्षेच्या अभ्यासक्रमातील चारही संकल्पना त्यात एकत्र येतात.

पार्श्वभूमी

जगातील पहिला वाहतूक सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडन येथे ब्रिटिश संसदेच्या बाहेर उभारण्यात आला. रेल्वे अभियंता जे. पी. नाइट यांनी तो योजला होता. त्या वेळी मोटारी अस्तित्वातच नव्हत्या. घोडागाड्यांच्या गर्दीतून संसद सदस्यांना व इतरांना पायी रस्ता ओलांडता यावा, हा त्याचा हेतू होता. गॅसवर चालणारा तो दिवा काही आठवड्यांतच स्फोट होऊन निकामी झाला आणि कल्पना मागे पडली. वाहतूक सिग्नल विसाव्या शतकात परतला तेव्हा मात्र तो वाहनांच्या सोयीचे साधन बनला होता आणि पायी चालणाऱ्याला त्यात उरलेला वेळ मिळू लागला. ब्रिटनमध्ये १९५१ साली पांढऱ्या पट्ट्यांचे ‘झेब्रा क्रॉसिंग’ कायद्याने रूढ झाले. पुढे १९६९ मध्ये ‘पेलिकन’ ही पद्धत आली. ‘पेडेस्ट्रियन लाइट कंट्रोल्ड’ या शब्दांवरून हे नाव पडले. त्यात पादचाऱ्याने खांबावरील बटण दाबले की ठरावीक अवधीनंतर वाहनांना लाल व पादचाऱ्यांना हिरवा दिवा मिळतो. आपल्याकडे दोन चौकांमधील लांब पट्ट्यावर स्वतंत्रपणे उभा केलेला पादचारी सिग्नल बहुधा याच जातीचा असतो, आणि काही शहरांतील वाहतूक पोलीसही त्याला ‘पेलिकन’ असेच म्हणतात.

भारतात रस्त्यांची मानके ठरवण्याचे काम ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही संस्था करते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीच्या शिफारशींचे ती एक फलित असून तिची स्थापना डिसेंबर १९३४ मध्ये झाली. पादचारी सुविधांविषयीची तिची मार्गदर्शिका, म्हणजे आय.आर.सी. १०३, ही १९८८ साली निघाली व नंतर तिच्यात सुधारणा होत गेल्या. परीक्षार्थींनी हे क्रमांक पाठ करावेत असे नाही. पण मानक कोण ठरवतो आणि त्याची अंमलबजावणी कोण करतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

‘पी-व्ही-वर्ग’ निकष

चौक नसलेल्या ठिकाणी नियंत्रित क्रॉसिंग केव्हा द्यावे, यासाठी उपरोक्त मार्गदर्शिकेने चार कसोट्या सांगितल्या. त्यांपैकी एक किंवा अधिक लागू पडल्यास क्रॉसिंग समर्थनीय ठरते. पहिली कसोटी गणिती आहे. गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांची संख्या ‘पी’ आणि त्याच तासातील वाहनांची संख्या ‘व्ही’ मानली, तर पी गुणिले व्हीचा वर्ग हा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दहा कोटींहून आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर वीस कोटींहून अधिक असावा. दुसरी, वाहनांचा वेग ताशी ६५ किलोमीटरहून जास्त असणे. तिसरी, ओलांडण्यासाठी अवाजवी काळ ताटकळावे लागणे. आणि चौथी, वाहनाच्या धडकेने वर्षात पाच किंवा अधिक पादचारी जखमी झाल्याची नोंद असणे.

प्रत्यक्षात वापर होतो तो मुख्यतः पहिल्या कसोटीचा, कारण ती आकड्यात मांडता येते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चौदा मीटर रुंदीचा, दुभाजक नसलेला रस्ता आहे. गर्दीच्या तासात दोन्ही दिशांनी मिळून १,८०० वाहने जातात. मोजणीच्या दिवशी त्या तासात २५ जणांनी रस्ता ओलांडला. १,८०० चा वर्ग ३२ लाख ४० हजार. त्यास २५ ने गुणल्यास ८ कोटी १० लाख येतात. कसोटी दहा कोटींची असल्याने प्रस्ताव नामंजूर. तेथे ३१ जणांनी रस्ता ओलांडला असता तर उत्तर दहा कोटींच्या वर गेले असते. म्हणजे सहा माणसांचा फरक. मोजणी मे महिन्याच्या सुटीत झाली, किंवा सकाळच्या कचेरीच्या वेळी झाली आणि शाळा मात्र दुपारी साडेबाराला सुटते, एवढ्या कारणानेही असा फरक सहज पडू शकतो.

सूत्रात वाहनांचा वर्ग का, याचा उलगडा बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत आढळत नाही. तो येथे थोडा विस्ताराने करणे उपयुक्त ठरेल, कारण या विषयाचे मर्म त्यातच आहे.

दोन वाहनांमधील अंतर

रस्ता ओलांडणाऱ्याला रिकामा रस्ता लागत नाही; त्याला लागते ती दोन वाहनांच्या मधली पुरेशी फट. पादचाऱ्याचा चालण्याचा वेग आराखड्यासाठी सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर धरतात. या वेगाने १४ मीटर ओलांडण्यास सुमारे १२ सेकंद लागतात. तासाला १,८०० वाहने म्हणजे सरासरी दर दोन सेकंदांना एक. वाहने ठरावीक लयीत न येता एकमेकांपासून स्वतंत्रपणे येतात असे गृहीत धरले, म्हणजे संख्याशास्त्रातील पॉयसाँ वितरण लागू केले, तर १२ सेकंदांची किंवा त्याहून मोठी फट साधारण चारशेत एकदा सापडते. याचा अर्थ तासाला चार-पाच वेळा. वाहने निम्मी, म्हणजे ९०० असती, तर अशा फटी तासाला सुमारे ४५ मिळाल्या असत्या. वाहने दुप्पट झाली आणि ओलांडण्याची संधी एक-दशांशावर आली. या तुलनेत सूत्रातील वर्ग सौम्यच म्हणावा लागेल. त्याच्या हिशेबाने ९०० वाहनांच्या रस्त्यावर १२४ पादचारी लागतात आणि १,८०० च्या रस्त्यावर ३१, म्हणजे केवळ चौथा हिस्सा.

आता हेच गणित वयस्कर व्यक्तीसाठी करून पाहू. तिचा वेग सेकंदाला ०.८ मीटर मानला तर तिला साडेसतरा सेकंद हवेत. तासाला १,८०० वाहनांच्या रस्त्यावर एवढी फट सरासरी साडेतीन तासांतून एकदा येते. व्यवहारात याचा अर्थ ती येतच नाही. तरुण माणूस एकेक पदर ओलांडत, मध्येच थांबत, हात दाखवत पलीकडे पोचतो. वृद्ध व्यक्तीपुढे एक तर कोणी हात धरून नेईल याची वाट पाहणे किंवा घरी बसणे, एवढेच पर्याय राहतात.

आमच्या वसाहतीसमोरचा रस्ता रुंद झाल्यानंतर शेजारच्या एक वृद्ध बाईंनी समोरच्या मंडईत जाणे सोडले. “भाजी आता दारावरच येते की,” असे त्या सांगत. दारावरची भाजी मंडईपेक्षा महाग पडते हे त्यांना ठाऊक होते. परंतु मंडईत जाणे हे त्यांच्यासाठी केवळ भाजीपुरते नव्हतेच. रस्त्यावरच्या कोणत्याही मोजणीत त्या आता कधी येणार नाहीत, हे मला नंतर उमगले.

दबलेली मागणी

‘पी’ मोजताना आपण मागणी मोजत आहोत असे मानतो. अर्थशास्त्रात मागणी ही किंमतीशी निगडित असते, आणि येथे किंमत पैशांत नसून प्रतीक्षेत, जोखमीत व भीतीत आहे. रस्ता जितका धोकादायक, तितकी ही किंमत चढी. आणि किंमत जितकी चढी, तितके ओलांडणारे कमी. म्हणून ज्या रस्त्यावर सिग्नलची निकड सर्वाधिक, तेथेच मोजणीत ‘पी’ खाली येण्याचा संभव अधिक. मुलींसाठी स्वच्छतागृह नाही म्हणून मुली ज्या शाळेतून गळाल्या, त्या शाळेतील मुलींची हजेरी पाहून स्वच्छतागृहाची गरज ठरवावी, तसाच हा प्रकार होय. जे ओलांडतात त्यांची मागणी दिसते. जे ओलांडू शकत नाहीत त्यांची मागणी दबलेली राहते, आणि तिला आकडा नसल्यामुळे फायलीत जागा मिळत नाही.

ही दबलेली मागणी सर्व गटांत सारखी विभागलेली नसते. वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया, दृष्टिबाधित व अपंग व्यक्ती यांच्यात ती एकवटलेली असते. मूल शाळेत एकटे जाऊ शकत नसेल तर कोणाला तरी त्याला पोचवावे लागते आणि बहुधा ते काम आईकडे येते. रोज दोन फेऱ्यांत खर्ची पडणारा तिचा वेळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात कोठेही दिसत नाही. पुढे कुटुंब मुलाला दुचाकीवरून सोडू लागते आणि रस्त्यावरच्या ‘व्ही’मध्ये आणखी एकाची भर पडते. अशा रीतीने निकषातील एक संख्या घटत असता दुसरी वाढते आणि रस्ता पादचाऱ्याला अधिकच परका होत जातो.

चौथी कसोटी तर याहून कठोर आहे. वर्षात पाच माणसे जखमी झाल्याची नोंद हवी, म्हणजे सुविधेची किंमत आधी शरीराने चुकवायला हवी. अपघातांच्या नोंदींवरून ‘ब्लॅक स्पॉट’ ओळखण्याची पद्धत महामार्गांवर उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. परंतु जेथे लोकांनी भीतीपोटी ओलांडणेच सोडले, तेथे अपघातही घडत नाहीत. नोंदवही कोरी राहते आणि कोरी नोंदवही सुरक्षिततेचा पुरावा म्हणून वाचली जाते.

मार्गदर्शिकेतील तिसरी कसोटी, अवाजवी प्रतीक्षेची, या दोषावरचा उतारा ठरू शकते. फटींचे वर दिलेले गणित कोणत्याही महापालिकेच्या अभियंत्याला अर्ध्या तासात मांडता येईल. त्यासाठी केवळ वाहनांची मोजणी व रस्त्याची रुंदी पुरे, पादचारी मोजण्याची गरजच नाही. त्याच्या जोडीला पाचशे मीटरच्या परिसरात शाळा, दवाखाना, मंडई, बसथांबा कोणत्या बाजूस आहेत आणि वस्ती कोणत्या बाजूस आहे, याचा साधा नकाशा जोडावा. माझ्या मते निर्णय यावर व्हावा आणि ‘पी-व्ही-वर्ग’ हा त्याचा पूरक पुरावा असावा.

खर्च-लाभाचा हिशेब

सिग्नलविरुद्धचा नेहमीचा आक्षेप असा, की त्यामुळे वाहतूक खोळंबते. आक्षेप रास्त आहे, म्हणून तो आकड्यांनीच तपासावा. आपल्या उदाहरणात पादचाऱ्यांना पाऊल टाकण्यासाठी सात सेकंद, ओलांडून होण्यासाठी बारा सेकंद आणि थोडा सुरक्षित अवधी मिळून वाहने २२ सेकंद थांबतात असे समजू. सेकंदाला अर्धे वाहन या दराने तेवढ्यात ११ वाहने येतील. प्रत्येक वाहन सरासरी ११ सेकंद थांबेल. वाहनागणिक दोन माणसे धरली आणि रांग सुटण्याचा वेळही मिळवला, तर एका थांब्याची किंमत सुमारे पाच मिनिटे मनुष्यवेळ होते. पाच पादचारी एकत्र ओलांडत असतील तर प्रत्येकाचा एक मिनिटाहून अधिक वेळ वाचल्यास समाजाचा निव्वळ लाभ होतो. सुरक्षित फट तासाला चार-पाचदा मिळत असेल, तर वाचणारा वेळ एका मिनिटाच्या कितीतरी पुढे जातो. लोक प्रत्यक्षात तेवढे थांबत नाहीत हे खरे. ते वेळेऐवजी जोखीम पत्करतात, म्हणजे किंमत दुसऱ्या चलनात चुकवतात.

या हिशेबात दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, बसमध्ये पन्नास माणसे असतात, तेव्हा वाहनांऐवजी माणसे मोजली की चित्र बदलते, आणि ते प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंनी मोजावे. दोन, बसचा प्रत्येक प्रवासी प्रवासाच्या दोन्ही टोकांना पादचारी असतो. जाताना किंवा येताना एकदा तरी त्याला रस्ता ओलांडावाच लागतो. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने रस्त्याच्या जागेचे वाटप करताना वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी ठेवावीत असे म्हटले. सिग्नलच्या वेळेचे वाटप हा त्याच तत्त्वाचा विस्तार होय.

वाहनचालक वेगाने जाताना जो धोका व जी भीती निर्माण करतो, तिची भरपाई तो पादचाऱ्याला देत नाही. अर्थशास्त्रात यास ऋण बाह्य परिणाम म्हणतात. दुसऱ्या बाजूने, सिग्नल एकाने वापरला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही आणि त्याच्या वापरापासून कोणाला वगळताही येत नाही. ती सार्वजनिक वस्तूची दोन्ही लक्षणे झाली. अशी वस्तू बाजार पुरवत नाही, म्हणून शासनाने ती पुरवायची असते. परंतु शासन म्हणजे नेमके कोण?

अधिकार आणि जबाबदारी

येथे संविधानाची सातवी अनुसूची पाहावी लागते. यांत्रिक वाहने हा समवर्ती सूचीतील ३५ वा विषय आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ त्याखाली येतो. रस्ते व पूल राज्य सूचीच्या १३ व्या नोंदीत आणि पोलीस दुसऱ्या नोंदीत आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘रस्ते व पूल’ हा विषय चौथ्या क्रमांकाने नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतो. परिणामी खांब महापालिकेचा, दिव्याचे नियंत्रण राज्याच्या पोलिसांकडे, वीजजोडणी वितरण कंपनीची आणि रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा भाग असेल तर त्याची मालकी आणखी वेगळ्या यंत्रणेची. नागरिकाचा अर्ज या चौघांमध्ये फिरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ नुसार वाहतूक चिन्हे उभारण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे, तर कलम २१५ अन्वये जिल्हा पातळीवर रस्ता सुरक्षा समित्या स्थापन होतात. अर्ज या समितीपुढे गेला तर संबंधित यंत्रणांचे अधिकारी एकाच मेजाभोवती असतात, ही तिची मोठी सोय.

२०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात तीन महत्त्वाच्या तरतुदी आल्या. कलम १३८ (१अ) नुसार सार्वजनिक ठिकाणी व राष्ट्रीय महामार्गांवर पादचारी आणि बिनयांत्रिक वाहने यांच्या वावराबाबत राज्यांना नियम करता येतात. कलम २१०ड राष्ट्रीय महामार्गांखेरीज अन्य रस्त्यांच्या रचना व देखभालीच्या मानकांविषयी आहे. कलम १९८अ नुसार रस्तारचनेची विहित मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघाताचा दोष केवळ चालक व पादचाऱ्याचा न मानता रस्ता आखणाऱ्यालाही त्यात ओढणारी ही तरतूद तत्त्वतः मोठी आहे.

कोइमतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्रकरणात राज्यांना कलम १३८ (१अ) आणि कलम २१०ड खालील नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. जीविताच्या हक्काचा विस्तार कसा होत गेला, या प्रश्नाच्या उत्तरात विद्यार्थ्यांनी हे उदाहरण अवश्य वापरावे.

दृष्टिबाधितांसाठीची तरतूद याहून जुनी आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील कलम ४५ ने सिग्नलवर ध्वनिसंकेत, पदपथांना उतार आणि झेब्रा पट्ट्यांवर स्पर्शाने कळणारी खूण यांचा स्पष्ट उल्लेख केला होता; मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ हा शब्दप्रयोगही त्यात होता, आणि अंमलबजावणी या पळवाटेत अडकली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली व सुगम्यतेला हक्काचे स्वरूप दिले.

बसवताना

जागेची निवड अभियंत्याच्या सोयीने होऊ नये. लोक जेथून ओलांडतात किंवा ओलांडू पाहतात, तेथेच क्रॉसिंग असावे. शंभर मीटर वळसा घालून जाणे अपवादानेच घडते. बसथांबा क्रॉसिंगच्या अगदी आधी असेल तर थांबलेल्या बसमुळे मागून येणारे वाहन दिसत नाही. क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना काही मीटर वाहने उभी करण्यास मनाई हवी, नाहीतर लहान मूल चालकाला दिसतच नाही. वाहनांची थांबण्याची रेषा पट्ट्यांच्या काही अंतर आधी आखावी. पदपथाला उतार असावा आणि दुभाजक असल्यास तो तेथे मोकळा ठेवावा.

वेळेबाबत मुख्य प्रश्न कोणाच्या पावलाने मोजायचे, हा आहे. १.२ मीटरच्या वेगाने हिशेब केला तर वृद्ध व्यक्ती रस्त्याच्या दोन-तृतीयांशावर असताना अवधी संपतो. जवळ दवाखाना किंवा ज्येष्ठांची वस्ती असेल तर पाच-सहा सेकंद वाढवणे हा खर्च नगण्य आहे. तसेच बटण दाबल्यावर दोन-दोन मिनिटे काहीच घडले नाही तर लोक दिवा न पाहता निघतात आणि मग सिग्नलचा उपयोग कोणी करत नाही असा शेरा पडतो. दिव्यातील आकृतीचाही विचार करता येतो; मुंबईत दादर परिसरात २०२० साली काही सिग्नलवर पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती दिली गेली. ती बाब प्रतीकात्मक, पण रस्ता कोण ओलांडते याची आठवण देणारी.

वेगाकडे दुर्लक्ष करून सिग्नल बसवणे अर्धवट ठरते. केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादेनुसार नगरपालिका हद्दीत मोटारीला ताशी ७० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. त्याहून कमी मर्यादा घालण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेल्यास मोटारीच्या धडकेने पादचारी मरण्याचा धोका साडेचार पटींनी वाढतो.

प्रत्येक ठिकाणी सिग्नलच हवा असेही नाही. आपल्याच उदाहरणातील रस्त्याच्या मधोमध उभे राहण्याजोगा सुरक्षित दुभाजक दिला तर पादचाऱ्याला एका वेळी सात मीटर व एकाच दिशेची ९०० वाहने पार करावी लागतात. सहा सेकंदांची फट मग तासाला सुमारे दोनशे वेळा मिळते. पूर्वी बारा सेकंदांची फट मिळत होती ती चार-पाच वेळा. दुभाजकाच्या रस्त्याला वीस कोटींची कसोटी का, हे यावरून कळते. असा दुभाजक आणि वेग रोखणारे उंचवट्याचे क्रॉसिंग मिळून कित्येक वेळा सिग्नलपेक्षा स्वस्त व परिणामकारक ठरतात. पादचारी पुलांबाबत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. जो रस्ता ओलांडताना गुडघ्याचे दुखणे आड येते, त्याच्यावर जिना हा उपाय नव्हे.

शेवटी अंदाजपत्रकाचा मुद्दा. खांब, दिवे व नियंत्रक यांवरचा खर्च भांडवली असतो. तो एकदाच मंजूर होतो आणि उद्घाटनाला पुरतो. वीज देयक, जळालेले दिवे, अडकलेले बटण, पुसट झालेले पट्टे यांचा खर्च महसुली आहे व दर वर्षी लागतो. अनेक शहरांत बटण आहे पण दिवा चालत नाही, याचे मूळ या विभागणीत असते. म्हणून देखभालीची किमान पाच वर्षांची तरतूद मूळ निविदेतच असावी, आणि सिग्नल सुरू झाल्यावर वर्षाने त्याच महिन्यात, त्याच वारी, त्याच तासाला पुन्हा मोजणी व्हावी. पहिल्या मोजणीत २५ होते. दुसऱ्या मोजणीत जितके अधिक भरतील, त्यांपैकी बहुतेक जण वर्षभरापूर्वीही रस्त्याच्या अलीकडेच राहत होते.